परसरामच्या अंगणातली मच्छी

बेलटोल्याच्या घाटावर खरं बोलायची पद्धत नव्हती. सकाळी डोंगा काठाला लागला की आधी पोचलेल्यांनी विचारायचं, "कोठी लागली गा?" आणि येणाऱ्याने टोपलीवर ओलं पोतं ओढत सांगायचं, धरणाच्या भिंतीकडे. याचा अर्थ मच्छी भिंतीकडे सोडून दुसरीकडे कुठेतरी लागली, एवढाच घ्यायचा. विचारणाऱ्याला हे माहीत असायचं आणि सांगणाऱ्यालाही. तरी कोणी न विचारता पुढे गेला, तर मागे बोललं जायचं की याच्यातली माणुसकी संपली. गोसीखुर्दच्या पाण्याने जुनं बेलटोला पोटात घेतलं, लोक वर माळावर नव्या गावठाणात येऊन बसले, घरं गेली, धानाच्या बांध्या गेल्या. ही रीत मात्र लोकांनी भांड्याकुंड्यांबरोबर शाबूत आणली.

भैय्याजी हा या रीतीतला वस्ताद. एकदा तर त्याने तोंड उघडलंच नाही, नुसतं रिकाम्या टोपलीकडे बघून सुस्कारा टाकला, आणि त्या सुस्काऱ्यावर विसंबून अर्धा घाट आठवडाभर पल्याडच्या काठाला जाळी झाडत राहिला. परसराम त्यात सगळ्यात पुढे होता. परसराम त्याचा शेजारी. जुन्या गावात दोघांच्या घरांना एक भिंत होती. नव्या गावात सरकारी चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा प्लॉटही लागूनच निघाले, आणि दोघांनी एकदमच कपाळाला हात लावला.

अशा भैय्याजीला प्रभू भेटला, हे घाटाला पटायला जडच होतं.

झालं असं, की त्या वाटेला आधी गेली ती त्याची बायको चंद्रकांता. पवनीला तिच्या बहिणीकडे रविवारी प्रार्थना व्हायची, तिथली गाणी तिला आवडली. भैय्याजी तिला परत आणायला जायचा आणि बाहेर सायकलला टेकून थांबायचा. एका रविवारी ऊन फार होतं म्हणून तो आत सावलीला बसला, आणि पुढच्या रविवारी ऊन नसतानाही बसला. का बसला ते त्याला आजही धड सांगता येत नाही. इतक्या लोकांत आपण बसलोय आणि मच्छी कुठे लागली असं कोणीच विचारत नाही, याचं फार बरं वाटलं, एवढं मात्र तो सांगतो.

बाप्तिस्मा धरणाच्याच पाण्यात झाला. अख्खा घाट बघायला आला. हा जन्मल्यापासून पाण्यातच आहे, इतक्या वर्षांत जे धुऊन निघालं नाही ते एका बुडीत काय निघणार, असं परसराम सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. त्यात बाप्तिस्मा द्यायला आलेल्या प्रफुल्ल पास्टरना पोहता येत नव्हतं. भंडाऱ्याचा चष्मेवाला तरुण माणूस तो. कमरेएवढ्या पाण्यात त्याचा पाय घसरला, आणि भैय्याजीनेच त्याला काखेत हात घालून उभं केलं. त्या दिवशी नक्की कोणी कोणाला तारलं, यावर घाटावर बरेच दिवस चर्चा चालली.

मग सुरू झालं ते रोजचं. मोहाची दारू सुटली, फारसा त्रास न देता. तंबाखूही गेली, थोडी रडत-कुरकुरत. शिवीगाळ बरीचशी गेली. जाळं झाडात अडकलं की एखादी निसटायची, आणि मग तो आभाळाकडे बघून माफी मागायचा. अडलं ते खोट्यावर. पास्टर म्हणाले होते, भाऊ, खोटं अजिबात नको, लहानसंसुद्धा नको. पास्टरना बोलायला काय जातं, ते कधी घाटावर उतरले नव्हते.

पहिल्याच सकाळी परसरामने विचारलं, "कोठी लागली गा?"

भैय्याजीला खोकला आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तोच खोकला. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं, तेव्हा परसराम पवनीच्या दवाखान्यातून खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आला आणि दोन चमचे पाजूनच घरी गेला. औषध कडू होतं. त्या रात्री भैय्याजीने ठरवलं की आता जे काय आहे ते खरंच सांगायचं.

आणि खरं काय होतं, तर मच्छी परसरामच्या जुन्या घरात होती.

जुन्या बेलटोल्यात विटा-सिमेंटचं घर एकच, परसरामचं. बाकीच्यांची मातीची घरं पाण्याखाली विरघळून गेली, हे मात्र भिंतींसकट उभं राहिलं. घर बांधून पुरतं झालं, दाराला रंग लागला, आणि वरून नोटीस आली. तेव्हापासून परसरामने आपला डोंगा त्या बाजूला कधी वळवला नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की स्लॅबचा कोपरा वर दिसायचा, तेव्हा तो महिना महिना दुसऱ्या काठाला काढायचा. त्याला वाईट वाटतं म्हणून दुसरेही कोणी तिकडे जाळं टाकत नसत. माणसांनी पाळलेला हा मान माशांच्या बरोबर लक्षात आला. न्हाणी, गोठा, सपरी, सगळीकडे कतला आणि रोहू बिऱ्हाड करून राहिले. भैय्याजीला हे कळलं ते बाप्तिस्म्याच्या थोडं आधी. शेजारी असल्यामुळे परसरामच्या अंगणात दार कुठे, कठडा कुठे, चिंचेचं खोड कुठे, हे त्याला पाण्यावरूनही दिसायचं, त्यामुळे जाळं न अडकवता टाकता यायचं.

"कोठी लागली गा?" चौथ्या दिवशी परसरामने विचारलं.

"तुझ्या जुन्या घरी," भैय्याजी म्हणाला. "अंगनात."

घाट हसला. परसराम हसला नाही, पण गणित त्यानेही केलं: हा जुन्या गावाचं नाव घेतोय म्हणजे मच्छी नक्कीच भिंतीकडे आहे. सगळे डोंगे भिंतीकडे गेले. भैय्याजी एकटा अंगणात गेला आणि टोपली भरून आला.

असं पावसाळाभर चाललं, दिवाळीही गेली. रोज तो प्रश्न, रोज ते खरं उत्तर, आणि रोज ती उलट्या दिशेला निघालेली वरात. खोटं बोलून जेवढं लपवता आलं नव्हतं तेवढं खरं बोलून लपत होतं. भैय्याजीला आपला देव फारच हुशार वाटू लागला.

बाकीच्या ठिकाणी खरं बोलणं इतकं स्वस्त पडत नव्हतं. लिलाधरचा बैल घ्यायला सानगडीहून गिऱ्हाईक आलं, आणि नांगराला जुंपल्यावर बैल बसतो का, असं त्याने जाता जाता भैय्याजीला विचारलं. भैय्याजी म्हणाला, बसते. शिवाय उठता उठत नाही, हेही सांगितलं, कारण अर्धं खरं सांगू नये असं पास्टर म्हणाले होते. लिलाधर तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाही. बैल अजून लिलाधरकडेच आहे, आणि बसलेलाच असतो.

आता प्रार्थना भैय्याजीच्याच टिनाच्या छपरीत होऊ लागली होती. दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्याने उठून साक्ष दिली. बाप्तिस्म्यापासून आजपर्यंत घाटावर आपण एकही खोटा शब्द बोललो नाही, प्रभूची स्तुती असो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही साक्ष भंडाऱ्याच्या मंडळीलाही सांगेन, असं पास्टर म्हणाले. भैय्याजी ताठ मानेने खाली बसला आणि बाजूला बघितलं, तर चंद्रकांता टाळी वाजवत नव्हती.

जेवताना तिने त्याच्या ताटात रोहूचा तुकडा वाढला आणि तिथेच बसली.

"ही कोठची?"

"तुले मालूम हाय ना व. परसरामच्या अंगनातली."

"तुमी त्याले सांगतलं?"

"रोज सांगतो."

"त्यानं आयकाव म्हनून सांगता, का त्यानं आयकू नये म्हनून?"

भैय्याजीच्या घशात काटा अडकला. खराच अडकला, भाताचा कोरडा घास गिळावा लागला. चंद्रकांताने त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला. मी खोटं कुठे बोललो, असं तो दोनदा स्वतःशीच म्हणाला. ते खरंच होतं. पण पहिल्यासारखं बरं काही वाटलं नाही.

त्याच आठवड्यात परसरामच्या ज्योत्सनाचं जमलं. मुलगा लाखांदूरकडचा, पोरीला पसंत, आणि तारीख धरायला पाहुणे शुक्रवारी दुपारी येणार होते. बेलटोल्यातल्या मच्छी मारणाऱ्या घरांत याची एक रीत आहे. तारीख धरायला आलेल्या व्याह्याला नवरीच्या बापाच्या जाळ्यातली मच्छी जेवू घालायची. बाजारातली चालत नाही, शेजाऱ्याने दिलेलीही नाही. जाळं बापाचं हवं आणि ओढणारे हातही बापाचे. कतल्याचं मुंडकं व्याह्याच्या ताटात पडतं, आणि ते मुंडकं बघून व्याही ठरवतो की माणूस कसा आहे. लहान मुंडकं वाढल्यामुळे कोणाचं लग्न मोडल्याचं ऐकिवात नाही. पण असं मुंडकं वाढलेल्या बापाची आठवण मात्र नातवंडांपर्यंत निघत राहते.

आणि नेमक्या परसरामच्या जाळ्यात नुसत्या बारीक चिंगळ्या लागत होत्या. थंडी पडली होती, भिंतीकडचं पाणी इतक्या महिन्यांत सगळ्यांनी मिळून धुऊन काढलं होतं. सोमवारी बोटाएवढी पोठी आली, मंगळवारी तीही नाही. परसरामचं तोंड उतरलं. घरात बायको विचारत नव्हती, पोरगी विचारत नव्हती, आणि त्याला तेच जास्त लागत होतं.

बुधवारी सकाळी घाट रिकामा व्हायची वाट बघून तो भैय्याजीजवळ आला. उकिडवा बसला. नेहमीच्या आवाजात नाही, खालच्या आवाजात त्याने विचारलं, "भैय्या, खरं सांग. कोठी लागते?"

इतक्या वर्षांत या घाटावर कोणी कोणाला खरं सांग असं म्हटलं नव्हतं. भैय्याजीने टोपली खाली ठेवली. "तुझ्या जुन्या घरी. आईची आन, अंगनात लागते. माझ्यासंग चाल."

परसराम उठला. "पानकाळ्यापासून आयकून राहिलो मी. लोकाइसमोर माझ्या घराची मजाक करतेस, मी काई बोललो नाही. म्हटलं, दोस्त हाय. आज पोरीच्या टायमाले पन तेच?" त्याने वल्हं खांद्यावर टाकलं आणि पल्याडच्या काठाकडे निघून गेला.

भैय्याजी तिथेच चिखलात उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली. आपण रोज सकाळी खरं म्हणून जे बोलत होतो, ते या माणसाला रोज सकाळी टोचत होतं, आणि आपण टोपली भरून घरी जाऊन देवाचे आभार मानत होतो.

आता करायचं काय? मासे उचलून परसरामच्या दारात ठेवावेत तर रीत आडवी येते, आणि परसराम ते उकिरड्यावर फेकेल. खरं सांगून झालं होतं. मग त्याने, प्रभू क्षमा करो, खोट्याचा विचार केला. भिंतीकडे लागते म्हणून सांगितलं तर परसराम भिंत सोडून कुठेही जाईल; पण पाणी केवढं मोठं, तो नेमका स्वतःच्याच घरी कशाला जाईल? अंगणात काहीच नाही म्हणून सांगितलं, तर तिथे त्याला जायचंच नाहीये. इतक्या महिन्यांनी काढायला गेला, तर खोटंही गंजलेलं निघालं.

टाकीजवळच्या उंचवट्यावर जाऊन त्याने पास्टरना फोन लावला. शेजाऱ्याचं भलं होत असेल तर एखादं चालतं का, असं विचारलं. पास्टर जुन्या करारातल्या दोन-चार मोठ्या माणसांची नावं घेऊन तेही कधी कधी कसे अडले ते सांगू लागले, आणि ऐन उत्तराच्या तोंडाशी रेंज गेली. पुन्हा लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले की मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

घरी चंद्रकांता भाकर थापत होती. त्याने सगळं सांगितलं. ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "तोंडानं सांगून पाह्यलं ना? आता तोंड सोडून दुसऱ्या कायनं सांगा."

दुसऱ्या कशाने, ते ती म्हणाली नाही. पण गुरुवारी दिवस कलताना भैय्याजी घाटावर आला, तेव्हा बांबूंवर परसरामचं मोठ्या घराचं, म्हणजे मोठ्या भोकांचं, जाळं वाळत होतं. मोठी मच्छीच नाही म्हणून परसरामने ते आठवडाभर उतरवलं नव्हतं. बारीक जाळं घेऊन तो पल्याड गेला होता. परसरामची जाळी गावात कोणीही ओळखतं. बाकीचे थर्माकोलचे तुकडे बांधतात, तो तरंगायला चपला बांधतो. ज्योत्सनाच्या जुन्या चपला. पोरीला लहान झालेली कोणतीच चप्पल त्याने कधी फेकली नाही. तळवा कापून, भोक पाडून, ती जाळ्याला लावली.

घाटावर खोटं चालतं, पण दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावलेला चालत नाही. त्यावरून पूर्वी हात मोडले गेलेत. भैय्याजीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, जाळं बांबूवरून ओढलं आणि स्वतःच्या डोंग्यात टाकलं. ही युक्ती प्रभूने सुचवली की बाप्तिस्म्याच्या वेळी नीट न बुडालेल्या जुन्या भैय्याजीने, याबद्दल त्याच्या मनात अजून वाद आहे.

शुक्रवारी सकाळी परसराम पल्याडून आला. टोपलीत मूठभर झिंगे होते. पाहुणे दुपारी यायचे होते. त्याने बांबूंकडे बघितलं, आणि टोपली त्याच्या हातातून खाली गेली.

"माझं जाळं कोनं नेलं?"

एकाने विडी विझवली. "मी नेलं," भैय्याजी म्हणाला.

घाटाला आधी खरंच वाटलं नाही. हा नवा भगत कोणाला तरी वाचवायला पाप अंगावर घेतोय, असं लिलाधर पुटपुटला. बऱ्याच महिन्यांनी त्याने भैय्याजीबद्दल बरा शब्द काढला होता. परसराम मात्र भैय्याजीच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"कोठी हाय?"

"तुझ्या जुन्या अंगनात लावून हाय."

परसरामने वल्हं उचललं. भैय्याजीने डोळे मिटले. मारलं तर दुसरा गाल पुढे करायचा असतो हे त्याला आठवलं, पण वल्ह्याच्या बाबतीत ते कसं करायचं हे पास्टरांनी सांगितलं नव्हतं. मार पडला नाही. डोळे उघडले तेव्हा परसराम आपला डोंगा पाण्यात लोटत होता. करणार काय? जाळं त्याचं होतं, त्यावर पोरीच्या लहानपणापासूनच्या चपला होत्या, आणि ते आणायला कुठेही गेलं तरी जावंच लागणार होतं. भैय्याजी कोणी बोलावण्याआधीच उडी मारून पुढच्या टोकाला बसला. घाटावरचे बाकीचे, दोन शेजाऱ्यांच्या भांडणात आपण कशाला, म्हणून भिंतीकडे निघाले.

इतक्या वर्षांत परसराम तिकडे फिरकला नव्हता, पण डोंगा कुठेही न अडखळता सरळ गेला, बाजारातून घरी निघालेल्या माणसासारखा. विजेच्या वाकलेल्या खांबापाशी त्याने वल्हं थांबवलं.

समोर पाण्यावर चपला तरंगत होत्या. एका टोकाला बोटभर गुलाबी, मग लाल, मग शाळेतल्या पांढऱ्या बुटाचा तळवा, मग मोठ्या होत गेलेल्या. त्याच्या अंगणात, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. ज्योत्सना तिथेच पहिल्यांदा चालली होती.

"इथं न्हानी होती," परसराम म्हणाला. मग बोटाने दाखवलं, "आन तिथं दार."

"हो."

"निळा रंग देल्ता दाराले."

"मालूम हाय. दोघानं मिळून देल्ता ना आपन."

परसरामने जाळ्याची दोरी धरली. भैय्याजीने हात मागे घेतले, गुडघ्याखाली दाबून ठेवले. ओढणारे हात बापाचेच हवे होते. पहिल्या ओढीतच डोंगा कलला. जाळं जड होतं, आणि जड असलेलं हलत होतं. पहिला कतला वर आला तो मांडीएवढा. त्याच्या मागे रोहू, मग आणखी एक कतला, त्याचं मुंडकं तर परातीत मावलं नसतं. परसराम ओढत होता आणि रडत होता, तोंड न लपवता, नाक न पुसता. भैय्याजीच्याही डोळ्यांतून पाणी आलं. आपण एवढे दिवस या माणसाच्या घरी चोरासारखे येत होतो, तेही रोज त्याला सांगून, याचं त्याला फार वाईट वाटलं.

सगळं जाळं आत आल्यावर परसराम मासळीवरच बसला.

"तू रोज इथंच येत होता?"

"हो."

"आन रोज मले सांगत होता."

"हो."

परसरामने आता कुठे नाक पुसलं. "हरामखोर," तो म्हणाला, "खरं बोलून लुटलंस मले." आणि मग, वल्हं हातात घेता घेता, "आन जाळं आडवं कायले लावलं? गोठ्याकडून उभं लावाले पायजे होतं. मच्छी तिकडून निघते, मले नाही मालूम का माझं घर?"

व्याह्याच्या ताटात मुंडकं पडलं तेव्हा ताटात भाताला जागा उरली नाही. लाखांदूरच्या त्या म्हाताऱ्याने मुंडक्याकडे बघितलं, परसरामकडे बघितलं, आणि माघातली तारीख धरून टाकली. मच्छी कुठली, असं त्याने विचारलं. माझ्या घरची, असं परसरामने सांगितलं, आणि पाहुणे रीतीप्रमाणे हसले. दुसऱ्या दिवशी घाटावरही त्याने हेच सांगितलं. घाट तडक भिंतीकडे गेला.

राहिला होता रविवार.

भैय्याजीला दोन रात्री झोप नव्हती. खोटं नको म्हणता म्हणता चोरी होऊन बसली होती, आणि मागच्याच रविवारी ताठ मानेने साक्ष दिलेली होती. छपरीत लोक जमले, गाणं झालं, आणि साक्षीची वेळ आल्यावर तो उठला. मान या वेळी खाली होती. आपण शेजाऱ्याचं जाळं बांबूवरून उचललं, त्याला न विचारता उचललं, आणि त्याआधी पावसाळाभर आपण खरं बोलत होतो ते शेजाऱ्याला कळू नये म्हणून बोलत होतो, हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. टाळी कोणी वाजवली नाही. पास्टर चष्मा काढून पुसायला लागले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "झूट हाय, पास्टर साहेब."

दारात परसराम उभा होता. लग्नाचं ठरल्याची करंजी-शेव घेऊन आला होता, पेपराने झाकलेलं ताट हातात तसंच. या छपरीच्या उंबरठ्याशी तो आजवर कधी आला नव्हता.

"यानं नाही चोरलं," तो म्हणाला. "मीच म्हटलं होतं याले, माझं जाळं घेऊन जा आन माझ्या अंगनात लाव म्हनून. विसरला असंल."

घाटावर इतकी वर्षं घासून घासून गुळगुळीत झालेला तो आवाज, त्यात तसूभरही फट नव्हती. पास्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी चष्मा लावला आणि भैय्याजीकडे वळले. भाऊ, असं आहे का?

सगळी छपरी भैय्याजीकडे बघायला लागली. हो म्हटलं की सुटका होती. नाही म्हटलं की दारात ताट घेऊन उभा असलेला माणूस चार लोकांत खोटा पडत होता. भैय्याजीने परसरामकडे बघितलं, आणि त्याला खोकला आला.

"औषध उरलं हाय का?" परसरामने दारातूनच विचारलं. "का दुसरी बाटली आनू?"

भैय्याजी खोकता खोकता हसला. "पास्टर," तो म्हणाला, "हा खोटं बोलून राहिला. जाळं मी चोरलंच हाय. पन माझ्यासाठी इतकं चांगलं खोटं आजलोक कोनी बोललं नव्हतं."

यावर काय म्हणावं, हे प्रफुल्ल पास्टरना भंडाऱ्यात कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी पुन्हा चष्मा काढून पुसायला घेतला. चंद्रकांता तेवढी उठली. तिने परसरामच्या हातातलं ताट घेतलं आणि चटईवर आपल्या बाजूची जागा हाताने झाडली.

"या भाऊजी, बसा," ती म्हणाली. "उभ्यानं कायले खोटं बोलता?"